परदेशी जोडीदारासोबत जॉइंट खातं: बडोद्यात उघडताना काय, कसं आणि कुठे अडतं

बँकेत शिरून "आम्हा दोघांचं जॉइंट खातं उघडायचंय" असं सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "आधार आहे?" जोडीदार जर्मन किंवा अमेरिकन असेल तर बहुधा नसतं. मग "हेड ऑफिसला विचारून कळवतो" या वाक्यावर काम थांबतं. खरं तर आधारचा प्रश्न नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: जोडीदार सध्या राहतो कुठे, कोणत्या व्हिसावर किंवा कार्डावर, आणि तुमचं नातं कागदावर काय आहे. ही उत्तरं तयार ठेवून गेलात तर शाखेतला माणूसही नीट ऐकतो. परदेशात गेलेले बडोदेकर त्याला रोज भेटतात. परदेशातून आलेली सून किंवा जावई क्वचितच.

निवासी की अनिवासी, हे आधी

हा भेद पासपोर्टच्या रंगावर ठरत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा, माणूस राहतो कुठे आणि कशासाठी ते बघतो. मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिलेला आणि नोकरी, व्यवसाय किंवा "अनिश्चित काळ राहण्याच्या" हेतूने आलेला माणूस निवासी. फिरायला आलेला माणूस व्हिसा पाच वर्षांचा असला आणि दर हिवाळ्यात आला तरी अनिवासीच.

म्हणजे लग्न करून कायमची बडोद्यात राहायला आलेली, एंट्री व्हिसावर असलेली फ्रेंच बायको निवासी ठरू शकते. मकरपुऱ्याच्या कारखान्यात एम्प्लॉयमेंट व्हिसावर काम करणारा कोरियन नवराही. उलट, भारतीय पासपोर्ट असूनही टोरँटोत नोकरी करणारा तुमचा नवरा अनिवासी.

सर्वांत जास्त घोळ ओसीआय कार्डाबाबत होतो, म्हणजे भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं त्या कार्डाबाबत. "ओसीआय म्हणजे एनआरआय" असं धरून शाखा सरळ एनआरओचा, म्हणजे अनिवासींच्या खात्याचा, फॉर्म पुढे करते. ओसीआय कार्ड माणसाला निवासीही करत नाही आणि अनिवासीही. ओसीआय असलेली सून कायम इथेच नांदत असेल तर तिचं साधं निवासी बचत खातंच निघायला हवं. एनआरओ उघडून बसलात तर व्याजावर विनाकारण मोठा टीडीएस कापला जातो आणि पुढे खातं बदलून घ्यायला पुन्हा सगळे कागद द्यावे लागतात.

कोणाला कोणतं खातं

दोघंही बडोद्यात राहत असाल आणि जोडीदार वरच्या व्याख्येत निवासी बसत असेल, तर साधं जॉइंट बचत खातं. लग्न झालेलं असो वा नसो. दोन निवासी माणसांना जॉइंट खात्यासाठी नातं दाखवावं लागत नाही. समलिंगी जोडप्यांनाही जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. काउंटरवर कुणी भुवया उंचावल्या तर तो खुलासा दाखवावा.

जोडीदार परदेशात राहतो आणि पासपोर्ट भारतीय आहे, तर तीन रस्ते. पहिला: तुमच्या निवासी खात्यात त्याचं नाव दुसरं घालणं. जवळच्या नातेवाइकासाठी ही सोय रिझर्व्ह बँकेने दिली आहे आणि खातं "ईदर ऑर सर्व्हायव्हर" ठेवता येतं, म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवावं आणि मागे राहील त्याचं. पण अट अशी की त्याने परदेशात कमावलेला पैसा या खात्यात भरायचा नाही. तो फक्त तुमच्या वतीने इथली बिलं भरू शकतो. लोक नेमकी हीच अट मोडतात, आणि दर महिन्याला दुबईहून पगार येऊ लागला की बँक खात्याबद्दल प्रश्न विचारते. दुसरा रस्ता एनआरई: परदेशातून आलेला पैसा, व्याज भारतात करमुक्त, मुद्दल आणि व्याज दोन्ही परत बाहेर नेता येतं. तिसरा एनआरओ: भाडं, लाभांश, पेन्शन अशी भारतातली कमाई इथे जमा होते.

जोडीदार परदेशात राहतो आणि परदेशी नागरिकही आहे, अशा वेळी बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं की ओसीआय नाही तर एनआरई नाही. हे अर्धवट खरं आहे. २०१६ च्या फेमा ठेव विनियमांत "भारतीय वंशाची व्यक्ती" या व्याख्येत भारतीय नागरिकाचा परदेशी पती किंवा पत्नी स्पष्टपणे धरलेली आहे. ओसीआय कार्डासाठी लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. एनआरईसाठी हे विनियम तेवढी वाट बघायला लावत नाहीत. नोंदणीकृत विवाहाचा दाखला आणि तुमचा भारतीय पासपोर्ट जोडून, विनियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. शाखा स्वतःच्या अधिकारात नाही म्हणाली तर तिने अर्ज एनआरआय विभागाकडे पाठवावा असा आग्रह धरा. तोंडी विचाराल तर तोंडी नकारच मिळतो.

लग्न झालेलं नसेल आणि जोडीदार परदेशात राहणारा, भारतीय वंशाचा नसलेला असेल, तर एकच दार उघडं आहे: एनआरओ. त्यात निवासी माणसाचं नाव दुसरं घालता येतं, तेही नातं न दाखवता. एनआरईमध्ये मात्र निवासी जोडीदार कंपनी कायदा, २०१३ च्या व्याख्येतला नातेवाईकच असावा लागतो. नवरा-बायको त्यात येतात, साखरपुडा झालेले येत नाहीत.

पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसालाही एनआरओ उघडता येतं. त्यात बाहेरून बँकेमार्फत आलेला किंवा सोबत आणलेलं परकीय चलन विकून मिळालेला पैसाच भरायचा. खातं सहा महिन्यांच्या आत बंद केलं आणि व्याजाशिवाय कुठलाही स्थानिक पैसा त्यात आला नसेल, तर जाताना शिल्लक सहज परकीय चलनात मिळते. सासूबाईंनी आहेर म्हणून पाच हजार त्या खात्यात टाकले की ही सवलत गेली. दोन-तीन आठवड्यांच्या भेटीसाठी या खात्याच्या नादी लागूच नये.

पाकिस्तान आणि बांगलादेशच्या नागरिकांचे नियम वेगळे आहेत. त्यांना बहुतेक बाबतीत रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, आणि व्हिसा व निवासाचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे त्यावर सवलती ठरतात. अशा अर्जासाठी लहान शाखेत वेळ न घालवता थेट परकीय चलनाचं काम करणाऱ्या मुख्य शाखेत जा.

पहिलं नाव कुणाचं

जॉइंट खातं म्हणजे दोघांचा सारखा हक्क, असा समज असतो. बँकेच्या दृष्टीने पहिला खातेदार हाच मुख्य: व्याज त्याच्या पॅनवर दिसतं, टीडीएस त्याचा कापला जातो, खात्याचा प्रकारही त्याच्यावरून ठरतो.

एनआरई किंवा एनआरओमध्ये पहिला अनिवासी आणि दुसरा निवासी असेल तर पद्धत "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" हीच असते. पहिला हयात आहे तोवर खातं तोच चालवणार. दुसऱ्याला एटीएम कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय यांपैकी बहुधा काहीच मिळत नाही. "आमचं जॉइंट खातं आहे, मग मला पैसे का काढता येत नाहीत?" हा वाद काउंटरवर नेहमीचा आहे, आणि त्यात बँक बरोबर असते. फॉर्मवर खातं चालवण्याच्या पद्धतीचे चौकोन ओळीने छापलेले असतात. कर्मचारी पेन्सिलीने खूण करून देतो आणि आपण त्यावर पेनने गिरवतो. गिरवण्याआधी त्या चौकोनापुढे काय लिहिलंय ते वाचा.

इथल्या जोडीदाराला व्यवहार करता यावेत असं वाटत असेल तर त्याला मुखत्यारपत्र द्या. ते मिळालं की तो स्थानिक देणी भागवू शकतो आणि खातेदाराच्याच परदेशातल्या खात्यात पैसे पाठवू शकतो. भेट देणं किंवा नवं खातं उघडणं त्याला चालत नाही. बँकेचा स्वतःचा छापील मसुदा असतो. वकिलाकडून दहा पानी मुखत्यारपत्र करून आणलं तरी बँक आपलाच मसुदा भरून घेते. परदेशात सही केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करावं लागतं. ही मुदत चुकवू नका.

दोघंही निवासी असाल तर "ईदर ऑर सर्व्हायव्हर" घ्या. "जॉइंटली" निवडलंत तर प्रत्येक चेकवर दोन सह्या लागतात आणि ऑनलाइन व्यवहार जवळजवळ बंदच होतात.

कागदांची साखळी

इथेच सर्वाधिक फाइली परत येतात, म्हणून जरा सावकाश.

परदेशी पासपोर्ट ओळखीसाठी चालतो, पण त्यात बहुधा पत्ता नसतो. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता बघायची सवय असल्याने कर्मचारी तेच पान मागतो. पत्त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत परदेशी नागरिकाला दोन सोयी आहेत: त्याच्या देशातल्या सरकारी खात्याने दिलेला कागद, किंवा त्या देशाच्या भारतातल्या वकिलातीचं पत्र. जोडीदार बाहेर राहत असेल तर तिथल्या सरकारी नोंदणीचा दाखला किंवा पत्ता असलेलं ओळखपत्र द्यावं. कागद जर्मन किंवा जपानी असेल तर अधिकृत अनुवादकाचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा.

जोडीदार बडोद्यात राहत असेल तर इथला पत्ता दाखवायचा असतो. घराचं लाइट बिल एमजीव्हीसीएलचं, नावावर सासरेबुवांच्या. पाइप गॅसचं बिल वडोदरा गॅसचं, तेही त्यांच्याच. नुसता भाडेकरार, मग तो गुजरातीत असो वा इंग्रजीत, बँकेच्या यादीत पत्त्याचा पुरावा म्हणून बसत नाही. हा पेच परदेशी नागरिकाच्या निवासी परवान्याने सुटतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना, व्हिसावर तशी नोंद असल्यास, आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तिथे घरमालकाचं बिल आणि संमतीपत्र चालतं, आणि मिळालेल्या परवान्यावर बडोद्याचा पत्ता छापून येतो. तोच पुढे बँकेला द्यायचा.

या साखळीची पहिली कडी मात्र घरच्यांच्या हातात आहे. परदेशी माणूस घरी राहायला आला की यजमानाने २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते; ती सी-फॉर्म या नावाने ओळखली जाते. हॉटेलं ती करतात, घरची माणसं विसरतात, आणि "सून आहे, पाहुणी थोडीच" म्हणून सोडून देतात. ती नोंद नसेल तर पोर्टलवरचा अर्ज अडतो, परवाना लांबतो, आणि बँकेचं काम त्याच्या मागे रखडतं.

नावाचं बघू. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन घरं. परदेशी पासपोर्टवर दोनच: आडनाव आणि दिलेली नावं. समजा पासपोर्टवर "आना मारिया" ही दिलेली नावं आणि "वेबर" हे आडनाव आहे. पॅनच्या अर्जात कुणीतरी "आना" पहिलं, "मारिया" मधलं, "वेबर" शेवटचं भरतं. बँकेच्या फॉर्मवर घरातलं कुणीतरी हौसेने "आना सचिन जोशी" लिहितं. आता पासपोर्ट, पॅन आणि बँक, तीन जागी तीन नावं. पॅनची पडताळणी ऑनलाइन होते आणि नाव जुळलं नाही की अर्ज तिथेच गळतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी पासपोर्टवर बदलून घ्या, मग पॅनवर, मग बँकेत. बदललेलं नसेल तर पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच सगळीकडे. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र करून वेळ मारून नेता येते, पण ते प्रत्येक नव्या कामाला पुन्हा काढावं लागतं.

विवाहाचा दाखला: बडोद्यात लग्न झालं असेल तर नोंदणीचा दाखला. तो गुजरातीत असेल तर इंग्रजी प्रतही काढून ठेवा. तीच पुढे परदेशी वकिलातीलाही लागते. परदेशी नागरिकाशी इथे विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी ३० दिवस वास्तव्य हवं, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे व्हिसा दोन महिन्यांचा असेल तर दाखला आणि बँक दोन्ही त्याच खेपेत होतील अशी आशा धरू नका. लग्न बाहेर झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर त्या देशातच अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्या. भारतात आल्यावर आठवण झाली तर दाखला पुन्हा मूळ देशात पाठवावा लागतो.

पॅन आधी काढा

पॅनशिवाय घोषणापत्रावर खातं उघडता येतं, पण त्या वाटेने जाऊ नका. मुदत ठेव, मोठी रक्कम, करकपात, सगळीकडे ते आडवं येतं. परदेशी नागरिकाचा पॅनचा अर्ज भारतीयांपेक्षा वेगळा आहे. ओसीआय असलेल्यांनीही परदेशी नागरिकांचाच अर्ज भरायचा. रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या एजंटकडे गेलात तर तो सवयीने भारतीयांचा अर्ज काढतो. त्यात आधारचा रकाना येतो आणि अर्ज नाकारला जातो. अर्ज परदेशातून पाठवत असाल तर पासपोर्टच्या प्रतीवर अपोस्टिल किंवा भारतीय वकिलातीचं साक्षांकन लागतं.

आधार परदेशी नागरिकालाही मिळतं, पण आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असायला हवं, आणि त्याची मुदत व्हिसाशी बांधलेली असते. खातं उघडायला ते अनिवार्य नाही. पासपोर्ट, व्हिसा, निवासी परवाना आणि पॅन एवढ्यावर काम झालं पाहिजे.

शाखा कुठली

घराजवळची शाखा सोयीची, पण या कामाला नको. एनआरई-एनआरओ खाती रिझर्व्ह बँकेने त्यासाठी परवानगी दिलेल्या बँकाच उघडू शकतात. बडोद्यात मराठी माणसाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं खातं बहुधा एखाद्या नागरी सहकारी बँकेत असतं. तिथे हे काम होईल का, ते आधी विचारा, बहुतेक ठिकाणी होत नाही. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदासह मोठ्या सरकारी आणि खासगी बँकांच्या ज्या शाखा अनिवासी ग्राहकांचं काम नियमित करतात, त्या निवडा. अलकापुरी भागात अशा शाखा जवळजवळ आहेत. जाण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा: परदेशी पासपोर्टवर खातं उघडता का, आणि ते फॉर्म शाखेतच तपासले जातात की बाहेर पाठवले जातात. बाहेर जात असतील तर एका स्पेलिंगसाठी फाइल परत येऊन पुन्हा जाते.

डिसेंबर-जानेवारीत सुट्टीला आलेल्यांची झुंबड असते आणि मार्चअखेर बँकेला कुणाशी बोलायला वेळ नसतो. फेब्रुवारीचा पूर्वार्ध किंवा पावसाळा बरा.

फॉर्म भरताना

दोघंही समोर असाल तर उत्तम. मूळ कागद दाखवून प्रती तिथेच पडताळून घेता येतात. जोडीदार येऊ शकत नसेल तर त्याच्या प्रती परदेशात साक्षांकित करून मागवाव्या लागतात. हे साक्षांकन कुणाचं चालतं: तिथल्या नोटरीचं, न्यायाधीशाचं, भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतल्या अधिकाऱ्याचं, तुमच्या बँकेशी संबंध असलेल्या परदेशी बँकेच्या शाखेचं, किंवा भारतीय वकिलातीचं. तिथल्या शिक्षकाने सही केलेली प्रत इंग्लंडमध्ये चालत असली तरी इथे नाही.

सोबत नेण्याचा संच असा:

पासपोर्ट, फोटो आणि सहीच्या पानासकट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड दोन्ही बाजूंनी, निवासी परवाना, पॅन, दोन पत्ते, परदेशातला आणि इथला, पुराव्यासह, विवाहाचा दाखला, लागू असल्यास, दोघांचे चार-चार फोटो, आणि परदेशातला कर क्रमांक.

शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. फॅटका आणि सीआरएस नावाचं एक स्वयंघोषणापत्र प्रत्येक खातेदाराला भरावं लागतं: कर कुठल्या देशात भरता, तिथला कर क्रमांक काय, जन्म कुठे झाला. हे दुसऱ्या खातेदारालाही लागू आहे. क्रमांक पाठ नसेल तर घरून निघण्याआधी जोडीदाराला शोधून ठेवायला सांगा.

सही पासपोर्टवर आहे तशीच. परदेशात लोक पासपोर्टवर एक आणि रोजच्या वापरात दुसरी सही करतात; इथे नमुन्याशी जुळली नाही तर पुढे चेक परत येईल. फॉर्मवर सहीच्या प्रत्येक चौकटीत दोघांच्या सह्या लागतात, फोटोवरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर. मराठीत सही करणाऱ्यांनी मराठीतच करावी. त्यासाठी वेगळं घोषणापत्र मागितलं तर ते द्या, पण खात्यापुरती इंग्रजी सही नव्याने बसवायला जाऊ नका.

नॉमिनेशन त्याच दिवशी करा. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींवर चार नॉमिनी ठेवता येतात, एकत्र हिश्शांनी किंवा एकामागून एक. जॉइंट खात्यात नॉमिनीची पाळी दोन्ही खातेदार गेल्यावरच येते, म्हणून जोडीदार दुसरा खातेदार असताना त्यालाच नॉमिनी लिहू नका.

मोबाइल नंबरचा विचार आधी करून ठेवा. परदेशी नंबर दिला तर काही बँकांचे ओटीपी तिथे उशिरा पोहोचतात, आणि भारतीय सिम रिचार्जविना बंद पडलं तर खातंच हाताबाहेर जातं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, यूएई अशा काही देशांच्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यांसाठी यूपीआय चालतं. तुमची बँक ते देते का, विचारून घ्या.

पैसा येणं-जाणं आणि कर

बाहेरून पैसे पाठवताना उद्देशाचा कोड लागतो. अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवले तर पी१३०१, भेट असेल तर पी१३०२. चुकीचा कोड पडला की बँक रक्कम अडवून स्पष्टीकरण मागते. प्रत्येक रकमेची आवक-पावती बँकेकडून मागून जपून ठेवा. पुढे पैसे परत न्यायचे झाले तर ते बाहेरून आले होते हे तिच्यावरूनच सिद्ध होतं. एनआरओतून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण कर भरल्याचे कागद आणि सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र बँक मागू शकते. एनआरईला ही कटकट नाही.

एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस पहिल्या रुपयापासून कापला जातो. जोडीदार राहतो त्या देशाशी भारताचा करार असेल तर तिथल्या करखात्याचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट देऊन दर खाली आणता येतो. अमेरिका आणि ब्रिटनसाठी १५, जर्मनीसाठी १० टक्के. हे प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतंच असतं, तेव्हा दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच नवीन द्या. मार्चमध्ये दिलंत तर आधी कापलेलं विवरणपत्र भरूनच परत मिळवावं लागतं.

नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेल्या पैशावर भेट म्हणून कर नाही, मात्र त्या पैशावरचं व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. लग्न न झालेल्या जोडप्यांची गोष्ट वेगळी: वर्षात एकूण ५० हजारांपेक्षा जास्त मिळालं तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न ठरते. जॉइंट खात्यात एकाने भरलेला पैसा दुसऱ्याने वापरला की हा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून घरभाडं, किराणा असा खर्च कोणाच्या वाट्याचा होता याची साधी नोंद ठेवलेली बरी.

जोडीदार अमेरिकन असेल तर त्याला तिथेही कळवावं लागतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाचं निवेदन भरणं बंधनकारक आहे, आणि जॉइंट खात्याची त्यात पूर्ण शिल्लक धरली जाते, अर्धी नाही. सासऱ्यांनी प्रेमाने सुनेचं नाव घराण्याच्या मोठ्या मुदत ठेवीत घातलं की तिकडे तिला दरवर्षी ती ठेव दाखवावी लागते. दंड जबर आहेत. नाव घालण्याआधी तिला विचारा.

खातं चालू राहावं म्हणून

व्हिसा किंवा निवासी परवाना संपला की बँक खात्यातले व्यवहार थांबवू शकते. नवीन परवाना हातात येताच त्याची प्रत शाखेत देऊन पोच घ्या. "ईमेल केली होती" याला काउंटरवर फारशी किंमत नसते. केवायसी पुन्हा करण्याची मुदत जोखमीनुसार दोन, आठ किंवा दहा वर्षं असते. परदेशी नागरिक पुष्कळदा वरच्या गटात टाकले जातात, तेव्हा दर दोन वर्षांनी कागद द्यायची तयारी ठेवा. दोन वर्षं खातेदाराने एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. व्याज जमा होणं हा व्यवहार धरला जात नाही.

राहण्याची जागा बदलली की खात्याचा प्रकारही बदलतो. दोघंही बाहेर गेलात तर निवासी खातं एनआरओ करून घ्यायचं, परत आलात तर एनआरई निवासी करायचं. हे कळवण्याची जबाबदारी खातेदाराची आहे, बँकेची नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसावरचा जोडीदार नोकरी संपवून मायदेशी जाणार असेल आणि शेवटचा पगार, प्राप्तिकराचा परतावा, घराची अनामत अशी येणी बाकी असतील, तर खातं बंद करू नका. ते एनआरओत बदलून घ्या, येणी जमा होऊ द्या, आणि मग शिल्लक बाहेर पाठवा. विमानाच्या तिकिटाच्या निदान महिनाभर आधी शाखेत अर्ज द्यावा.